कुलवृत्तांतात आत्याची जागा रिकामी आहे (घरच्यांना न विचारता झालेली लग्नं)

माळ्यावरची:
नमस्कार मंडळी. हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण आता घरात विचारायला कोणी उरलं नाही म्हणून इथे लिहितेय. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे, जाडजूड, प्रत्येक माणसाचा जन्म, शिक्षण, नोकरी, बायकोचं माहेर, मुलींची सासरची नावं सगळं व्यवस्थित दिलेलं. आजोबांच्या पानावर माझ्या बाबांची माहिती आहे, काकांची आहे, आणि त्याखाली एवढंच: "कन्या १, पुढील माहिती उपलब्ध नाही." ही माझी आत्या. तिनं पळून जाऊन लग्न केलं, जातीबाहेर, आणि आजोबांनी तिच्या नावानं आंघोळ केली. मी लहानपणी एकदाच विचारलं होतं की फोटोत आजीच्या मांडीवर ही मुलगी कोण, तर आईनं फोटो उलटा ठेवला आणि म्हणाली जेव आधी.

मागच्या महिन्यात साताऱ्याचं घर रिकामं करत होतो. माळ्यावर जुन्या गाद्यांच्या मागे पोत्यात गुंडाळलेला पितळी डबा मिळाला, पाच किलो डाळ मावेल एवढा. कधी वापरलाच नव्हता, आतून अजून चकचकीत होता. झाकणावर छिन्नीनं ठिपके मारून नाव घातलंय, जसं पूर्वी सगळ्या भांड्यांवर असायचं. "सौ." मग आत्याचं नाव, मग एका माणसाचं नाव आणि आडनाव जे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, खाली "हिस आईकडून" आणि तारीख २२-१०-६८.

"सौ." लिहिलंय हो आजीनं. ज्या घरात त्या मुलीचं नाव काढायची चोरी होती त्या घरात आजीनं बाजारात जाऊन तिच्या नवऱ्याच्या नावासकट डबा कोरून आणला आणि माळ्यावर लपवून ठेवला. मी तो डबा मांडीवर घेऊन किती वेळ बसले होते मलाच माहीत नाही.

तर विचारायचंय असं की या नावावरून आणि तारखेवरून लग्नाची नोंद सापडेल का? ऐकीव माहिती एवढीच की पुण्यात रजिस्टर लग्न झालं. आणि तुमच्याही घरात अशी माणसं असतील तर त्यांच्याबद्दल लिहा, मला ऐकायचंय.

जुना_कारकून:
ताई, सापडेल. मी या खात्यात नव्हतो पण कोर्टात २६ वर्षं कारकुनी केली आणि असे कागद खूप हाताळले. रजिस्टर लग्न १९६८ चं म्हणजे ते विशेष विवाह कायदा १९५४ खालचं. त्यात मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण असली की आईवडिलांच्या संमतीचा प्रश्नच येत नाही. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला हवा, मग नोटीस द्यायची, ती कार्यालयात लावतात, ३० दिवस थांबायचं, आक्षेप नाही आला तर तीन साक्षीदारांसमोर लग्न. सगळं विवाह प्रमाणपत्र पुस्तकात नोंदतात, नवरा, बायको आणि तिन्ही साक्षीदार त्यावर सही करतात. आणि महत्त्वाचं म्हणजे कलम ४७ प्रमाणे ते पुस्तक बघायला मागता येतं, फी भरून प्रमाणित नक्कलही मिळते. साल, दोघांची नावं आणि जिल्हा एवढं असलं तरी पुरे. जुनं रजिस्टर शोधायला त्यांना वेळ लागेल, चिकाटी ठेवा.

अजून एक, तुमच्या आजोबांना कसं कळलं असेल याचा अंदाज देतो. वधू किंवा वर कायमचा दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची एक प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लावली जाते. म्हणजे साताऱ्याच्या कचेरीत भिंतीवर महिनाभर ती नावं होती. कुणीतरी वाचलं असणार. पण वाचून उपयोग नसतो, कारण आक्षेप फक्त वय, आधीचं लग्न, मानसिक स्थिती, निषिद्ध नातं असल्या ठरलेल्या कारणांवरच घेता येतो. घरच्यांना पसंत नाही हा कायद्यात आक्षेपच नाही.

अबोली:
वाचून पोटात कालवलं. आमच्याही घरात होती अशी एक, बाबांची चुलत बहीण. तिचं नाव कुठल्या पत्रिकेत नाही, कुठल्या फोटोत नाही, आणि अचानक एके दिवशी सगळे तिचा पत्ता शोधायला लागले. मला वाटलं माया आली. तर मोठ्या आजोबांच्या पश्चात वारस नोंद करायची होती, तलाठ्यानं सांगितलं मुलींची नावं लागतील, मग हिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही हवी होती. ती आली. ३१ वर्षांनी त्या ओसरीवर पाय ठेवला, सही केली, कुणी चहा विचारला तो घेतला आणि संध्याकाळच्या एसटीनं गेली. एक पैसा मागितला नाही. जाताना फक्त परसातल्या पेरूच्या झाडाला हात लावून गेली, तेव्हा मी बारा वर्षांची असेन, मला ते अजून दिसतं.

ज्यांना शोधायचंय त्यांनी गाव नमुना सहा-क, म्हणजे वारस नोंदवही, आणि फेरफार बघा. घरच्यांनी वंशावळीतून काढलेली मुलगी तिथे नवऱ्याच्या नावानिशी सापडते, अर्थात काही घरांनी तिथेही नाव सांगितलेलं नसतं.

दोन_पोरींचा_बाप:
मी वेगळ्या बाजूनं लिहितो, रागावू नका. माझी धाकटी बहीण १९ व्या वर्षी गेली, आळंदीला लग्न लावलं. तेव्हा पुण्याकडची निम्मी पळून केलेली लग्नं आळंदीतच व्हायची, आजही होतात. मी तिचा मोठा भाऊ. वडील नव्हते त्यामुळे दार बंद करायचं काम मीच केलं. आईला सांगितलं तिचं पत्र आलं तरी वाचायचं नाही. माणूस चांगला निघाला नाही. दोन वर्षांत तिला कळलं पण ती आली नाही, कारण कुठे येणार, दार मी लावलेलं. सात वर्षं तिनं तिथे काढली. आली तेव्हा तिचं वजन ३८ किलो होतं.

लोक म्हणतात बघा, पळून गेली म्हणून असं झालं. मीही दहा वर्षं तसंच म्हणत होतो. खरं हे आहे की ठरवून दिलेल्या लग्नात वाईट निघालेल्या मुली दोन महिन्यांत माहेरी परत आलेल्या मी पाहिल्यात, नातेवाईक मध्ये पडलेले पाहिलेत. माझ्या बहिणीकडे ते नव्हतं आणि ते मी काढून घेतलं होतं. आता माझ्या दोन मुली आहेत, मोठी २२ ची. तिला सांगितलंय, कुणाशी करायचं ते कर, मला नाही आवडलं तर मी भांडेन पण किल्ली तुझ्याकडे राहील. नुसतं बोलून नाही, खरंच घराची किल्ली तिच्याकडे दिली आहे.

कृष्णाकाठ:
दादा तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. माझं वेगळंच आहे, माझ्या घरात पळून गेलेली म्हणजे माझी सख्खी आज्जी. १९६१ ला, सांगलीकडं, देवळात माळा घातल्या, पाच माणसं हजर. आज्जी तेव्हा १७ वर्षांची आणि आजोबा २२. आज्जीच्या भावांनी मरेपर्यंत एकच पालुपद लावलं, हे लग्नच बेकायदा आहे, मुलीच्या बापाची सही नाही. आज्जीनं पण ते खरं मानलं. कुठं सत्यनारायणाला जोडीनं बसायचं म्हटलं की ती मागं सरकायची, आम्हाला वाटायचं लाजते. आत्ता गेल्या वर्षी मला म्हणाली की मी काय खरी सवाष्ण नव्हते बाई. आजोबा जाऊन नऊ वर्षं झालीत आणि ती हे अजून मनात धरून आहे. कारकून काका, हे खरंच बेकायदा होतं का हो?

जुना_कारकून:
नाही. आज्जींना आजच सांगा, थांबू नका.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तेव्हा त्यात वधूचं किमान वय १५ होतं आणि वराचं १८. वधू १८ च्या आत असेल तर पालकाची संमती हवी असं कलम ५ मध्ये होतं, पालक कोण याचा क्रमही कलम ६ मध्ये दिलेला, आधी वडील, मग आई, मग आजोबा असा. म्हणजे भाऊ म्हणत होते त्यात एवढं खरं की संमती हवी होती. पण संमती नसली तर लग्न रद्द ठरतं असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. रद्दबातल लग्नांची कारणं कलम ११ मध्ये आहेत, त्यात हे नाही. याला शिक्षा होती ती दंडाची, जास्तीत जास्त हजार रुपये. लग्न पक्कंच. विधी झाले होते ना? सप्तपदी किंवा दोघांपैकी कुणाच्या रीतीप्रमाणे जे होतं ते? मग झालं. पुढे १९७८ साली मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ केलं आणि पालकांच्या संमतीचं ते कलमच काढून टाकलं.

तुमच्या आज्जी पहिल्या दिवसापासून कायदेशीर पत्नी होत्या.

कृष्णाकाठ:
काका मी हे मोबाईलवर मोठ्यानं वाचून दाखवलं. पहिल्यांदा काही बोलली नाही. मग म्हणाली परत वाच. तीनदा वाचायला लावलं. नंतर आत गेली आणि आजोबांच्या फोटोला हळदकुंकू वाहून आली, आणि मला म्हणते ते कलम मोठ्या अक्षरात लिहून दे, मला भावाच्या पोरांना दाखवायचंय.

वऱ्हाडी:
आमच्या अमरावती जिल्ह्यात कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. भावानं शिशुपालाशी ठरवलं होतं, हिनं स्वतः पत्र लिहून कृष्णाला बोलावून घेतलं आणि देवीच्या दर्शनाला जायच्या निमित्तानं निघून गेली. आता बघा, ज्या मुलीचं लग्न जमत नाही तिला घरोघरी एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराचं पारायण करायला बसवतात, माझ्या तिन्ही बहिणींना बसवलं होतं. माझ्या मोठ्या बहिणीनं ते पारायण अगदी मन लावून केलं, पत्राचा भाग तर तिला तोंडपाठ. आणि तिनं स्वतः निवडलेला मुलगा सांगितला तेव्हा त्याच देवघरासमोर तिला बाबांनी विचारलं की हे तुला सुचलं कुठून. ती म्हणाली तुम्हीच तर वाचायला दिलंत. मी बाजूला उभा होतो. लग्न झालं तिचं, बाबा आले नाहीत, आई आली.

अबोली:
मला जुन्या काळाबद्दल विचारायचंय. आमच्या पणजीच्या बहिणीनं १९३० च्या आसपास असं लग्न केलं असं ऐकलंय. तेव्हा तर १९५४ चा कायदा नव्हता, मग हे लोक कुठे जायचे?

जुना_कारकून:
तेव्हा १८७२ चा कायदा होता, तिसरा अधिनियम. त्यात आधी दोघांना लिहून द्यावं लागे की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुठलाच धर्म मानत नाही. विचार करा, प्रेमाच्या माणसाशी लग्न करायला देव सोडल्याचं सहीनिशी सांगायचं. १९२३ साली दुरुस्ती होऊन हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसात ते न लिहिता लग्न करता यायला लागलं. पण दोघांपैकी जो २१ वर्षांच्या आत असेल त्याला बापाची नाहीतर पालकाची संमती आणावीच लागे, फक्त विधवेला ती अट नव्हती. तुमच्या पणजीच्या बहिणीचं वय किती होतं ते बघा, २१ च्या आतलं असेल तर त्यांनी बहुतेक देवळात किंवा आर्य समाजाच्या पद्धतीनं केलं असेल. कोल्हापूर संस्थानातली असतील तर वेगळं, तिथे शाहू महाराजांनी १९१९ सालीच आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता दिली होती.

आणि अजून एक जे घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना कळत नाही. १९५४ च्या कायद्याखाली लग्न करणारा हिंदू मुलगा एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं कायदाच धरत होता, कलम १९. दोघंही हिंदू असतील तर हे लागू होऊ नये अशी दुरुस्ती १९७६ ला झाली. त्यामुळे त्याआधीच्या काही मुलांची नावं एकत्र मिळकतीच्या कागदांतून गायब दिसतात. लोकांना वाटतं बापानं हाकललं, दर वेळी तसं नसतं.

अबोली:
माळ्यावरची, एक सांगू का. तुमच्या डब्यावरची तारीख २२-१०-६८ मला सारखी खटकत होती. आमच्याकडे जुनी पंचांगं आहेत म्हणून काढून पाहिलं. ती लग्नाची तारीख नसावी. त्या दिवशी दिवाळीचा पाडवा होता. आजींनी लेकीच्या दिवाळसणाचा डबा केला होता.

माळ्यावरची:
अबोली, तुमचं वाचलं आणि दोन दिवस काही लिहवलं नाही. लेक-जावई पहिल्या दिवाळीला येणार, त्यांना काहीतरी द्यायचं, म्हणून आजीनं तयारी केली. येणार नाहीत हे तिला माहीत होतं. तरी केली. आजीच्या हातात पैसे कुठून आले असतील तेही कळत नाही, आजोबा दुधाचा हिशेबसुद्धा रोज संध्याकाळी लिहून घ्यायचे.

पुण्याला जाऊन अर्ज दिलाय. सांगतील तेव्हा परत जायचं.

दोन_पोरींचा_बाप:
ताई काय झालं ते नक्की लिहा. तुमचा डबा वाचल्यापासून मी आईची ट्रंक उघडली, ती गेल्यावर कधी उघडली नव्हती. बहिणीची पत्रं आहेत, सतरा. सगळी फोडलेली. माझं न ऐकता आईनं वाचली होती. बहिणीला दाखवली तर ती एक शब्द बोलली नाही, फक्त प्रत्येक पाकिटावरची तारीख वाचत बसली.

माळ्यावरची:
तीन फेऱ्या झाल्या, आज रजिस्टर पाहिलं. पानं पापडासारखी झालीत, तिथल्या बाईंनी फार जपून उलटली, त्यांचे आभार. नोंद मे १९६८ ची आहे. आत्याचं वय २०, त्यांचं २५. आत्याची सही मी पहिल्यांदा पाहिली, शाळेत कित्ता गिरवल्यासारखी गोल अक्षरं, आडनाव अजून माहेरचंच.

खाली तीन साक्षीदार. पहिल्या दोन सह्या मला अनोळखी, त्यांचे कारखान्यातले मित्र असावेत. तिसरी सही बघून मी खुर्चीवर बसले. शेवटच्या अक्षराखाली आडवी रेघ आणि त्या रेघेखाली दोन टिंबं. ही सही मी दर तिमाहीला प्रगतिपुस्तकावर पाहिली आहे, बँकेच्या फॉर्मवर पाहिली आहे, त्यांच्या शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलच्या कागदावर टिंबं देताना हात थरथरत होता तीही पाहिली आहे. बाबा होते साक्षीदार. माझे बाबा, २४ वर्षांचे.

आजोबा जेवताना म्हणायचे मला दोनच मुलगे, आणि बाबा शेजारच्या पाटावर मान खाली घालून भात कालवत असायचे. आईला माहीत होतं का ते आता कळायचा मार्ग नाही. दर दिवाळीत बाबांना एक दिवस "ऑफिसचं काम" निघायचं आणि ते पुण्याला जाऊन रात्री उशिरा यायचे, आम्ही भावंडं रुसायचो, कारण फटाके राहायचे. तो दिवस कुठला असायचा हे आता मोजायची गरज नाही, भाऊबीज आली की आमच्या घरात बाबा नसायचे हे मला आठवतंय.

नवऱ्याच्या आडनावावरून आत्याचा मुलगा सापडला. आत्या २०११ ला गेली. फोनवर मी माझं नाव सांगितलं तर तो म्हणाला मामाची मुलगी ना, सातारची. त्याला आमची सगळ्यांची नावं माहीत आहेत, आमचे दहावीचे मार्कसुद्धा. रविवारी जाते आहे, डबा घेऊन. घासायचा नाही असं ठरवलंय, आजीनं ठेवला तसाच देणार.

कुलवृत्तांताची पुरवणी निघणार आहे म्हणून संपादकांना कळवलं. त्यांचं म्हणणं, विवाह नोंदणी पद्धतीने, एवढंच लिहा, बाकी कशाला. मी मजकूर पाठवलाय: आत्याचं नाव, पतीचं नाव, विवाह मे १९६८ पुणे, मुलगा एक, आणि तिन्ही साक्षीदारांची नावं.

जुना_कारकून:
साक्षीदारांच्या नावापुढे नातं लिहा. रजिस्टरात नुसत्या सह्या असतात, नातं लिहायची पद्धत नाही. पुढे वाचणाऱ्याला कळणार नाही.

माळ्यावरची:
लिहिलं काका. तिसरे साक्षीदार, वधूचे थोरले बंधू.